शुक्राच्या ढगांआड पाहणारे रडार : ‘मॅगेलन’ मोहिमेच्या व्यवस्थापनाची कथा

सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस झळकणारी शुक्राची चांदणी लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. चंद्राखालोखाल रात्रीच्या आकाशात सर्वाधिक तेजस्वी दिसणारा हा ग्रह आकारमानाने जवळजवळ पृथ्वीएवढाच आहे. तरीही त्याचा पृष्ठभाग कसा आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाही सांगता येत नव्हते. शुक्राभोवती गंधकाम्लाच्या ढगांचे अखंड आवरण आहे. सूर्यप्रकाश त्यावरून परावर्तित होतो, म्हणून ग्रह तेजस्वी दिसतो. परंतु त्याच आवरणामुळे दुर्बिणीला खालचे काहीही दिसत नाही. पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आणि हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९० पट. अशा भट्टीत उतरलेली सोव्हिएत याने तास-दोन तासांपलीकडे टिकली नाहीत. संपूर्ण ग्रहाचा नकाशा करायचा, तर ढगांतून आरपार जाणाऱ्या रेडिओलहरींचाच आधार घेणे भाग होते.

या गरजेतून ‘मॅगेलन’ हे अमेरिकन अंतराळयान आणि त्यावरील रडार जन्मास आले. त्याने लावलेल्या शोधांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि ते रडार कोणत्या अडचणींतून, कोणत्या काटकसरीने आणि कोणत्या हिशेबाने उभे राहिले, ती कथा व्यापार-व्यवसायात आयुष्य घालवणाऱ्या कुटुंबांना अधिक जवळची वाटावी अशी आहे.

रद्द झालेली योजना

१९७८ मध्ये शुक्राभोवती फिरू लागलेल्या ‘पायोनियर व्हीनस’ यानाने साध्या रडारने पृष्ठभागाच्या उंचसखलपणाचा ढोबळ आराखडा दिला होता. त्यात खंडासारखी पठारे आणि विस्तीर्ण मैदाने ओळखू येत होती. परंतु दहा-वीस किलोमीटरची टेकडी त्यात हरवून जात असे. म्हणून कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने, म्हणजे जेपीएलने, ‘व्हीनस ऑर्बिटिंग इमेजिंग रडार’ या नावाची महत्त्वाकांक्षी योजना मांडली. त्यात यान वर्तुळाकार कक्षेत फिरणार होते, बारीक तपशिलाची छायाचित्रे घेणारे रडार होते आणि त्याच्या जोडीला वातावरणाचा अभ्यास करणारी इतर उपकरणेही होती.

१९८० नंतर अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लागली. खर्चिक ठरलेली ही योजना १९८२ च्या सुमारास रद्द झाली. अनेक वर्षे आराखड्यांवर खपलेल्या अभियंत्यांना आणि शास्त्रज्ञांना हा मोठा धक्का होता. दरम्यान सोव्हिएत संघाची ‘व्हेनेरा १५’ आणि ‘व्हेनेरा १६’ ही याने १९८३ मध्ये शुक्राभोवती पोहोचली. उत्तर गोलार्धाच्या मोठ्या भागाचे, म्हणजे ग्रहाच्या सुमारे चतुर्थांश पृष्ठभागाचे, त्यांनी रडारने चित्रण केले. त्यात एक ते दोन किलोमीटर आकाराच्या गोष्टी ओळखता येत होत्या.

योजना रद्द झाल्यावर संबंधितांनी नव्याने मांडणी केली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला : या मोहिमेत टाळता येण्याजोगे काय आहे, आणि कशावाचून मोहिमेला अर्थच उरणार नाही? उत्तर स्पष्ट होते. रडार हवेच. वातावरणाची उपकरणे वगळता येतील. वर्तुळाकार कक्षेसाठी लागणारे भरमसाट इंधन वाचवून लंबवर्तुळाकार कक्षेवर भागवता येईल. ही आटोपशीर योजना ‘व्हीनस रडार मॅपर’ या नावाने मंजूर झाली आणि १९८३ च्या अखेरीस कामाला आरंभ झाला. पुढे पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेचा नायक फर्डिनांड मॅगेलन याचे नाव तिला देण्यात आले.

जुन्या भांडारातील सामान

पैसा बेताचा असल्याने यानाचे भाग शक्य तेथे नव्याने न घडवता आधीच्या मोहिमांचे शिल्लक सुटे भाग आणि सिद्ध झालेले आराखडे वापरण्याचे ठरले. ३.७ मीटर व्यासाची मुख्य अँटेना ‘व्हॉयेजर’ची शिल्लक प्रत होती. यानाचा दशकोनी सांगाडाही ‘व्हॉयेजर’चाच. आज्ञा व माहिती हाताळणारी संगणक-यंत्रणा आणि यानाची दिशा सांभाळणारा संगणक ‘गॅलिलिओ’ प्रकल्पाकडून आला, संदेशाची शक्ती वाढवणारे घटक ‘युलिसिस’कडून, तर मध्यम क्षमतेची एक अँटेना ‘मरिनर ९’कडून. यान बांधण्याचे काम डेन्व्हर येथील मार्टिन मॅरिएटा कंपनीकडे आणि रडार बांधण्याचे काम ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीकडे सोपवण्यात आले. सर्वांवर देखरेख जेपीएलची.

शिल्लक मालातून घर उभारणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते : खांब आयता मिळाला की छपराचे माप त्या खांबावरून ठरते. येथेही तेच झाले. अँटेना ३.७ मीटरची आणि एकच. तीच रडारने वापरायची आणि तीच पृथ्वीशी बोलण्यासाठी वापरायची. त्यामुळे यान एका वेळी एकच काम करू शकत होते. शुक्राकडे पाहताना पृथ्वीकडे पाठ, आणि पृथ्वीशी बोलताना शुक्राकडे दुर्लक्ष. रडारच्या रचनेतील असंख्य निर्णय या एका मर्यादेतून निघाले.

लहान अँटेनाची मोठी नजर

हे रडार कसे पाहते, हे थोडक्यात समजून घेतले म्हणजे पुढचा हिशेब ध्यानात येईल. रडार १२.६ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरींचे स्पंद पाठवते, ते पृष्ठभागावर आदळून परत येतात आणि त्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. खडबडीत भूभाग अधिक प्रतिध्वनी परत पाठवतो, म्हणून चित्रात उजळ दिसतो. सपाट भूभाग काळोखा दिसतो.

परंतु ३.७ मीटरच्या अँटेनातून निघालेला झोत ३०० किलोमीटर अंतरावर पोहोचेपर्यंत सुमारे दहा किलोमीटर रुंद होतो. साध्या पद्धतीने पाहिले, तर दहा किलोमीटरपेक्षा लहान असे काहीच वेगळे ओळखता येणार नाही. शंभर-सव्वाशे मीटरचा तपशील हवा असेल, तर त्यासाठी सुमारे ३०० मीटर लांबीची अँटेना लागेल. ती अवकाशात नेणार कोण?

यावरचा तोडगा ‘सिंथेटिक अ‍ॅपर्चर’ या तंत्राने दिला. यान पुढे सरकत असते. त्याच्या प्रवासातील वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले प्रतिध्वनी जपून ठेवायचे आणि नंतर संगणकाने अशा रीतीने एकत्र करायचे, की जणू काही ते एकाच लांबलचक अँटेनाने टिपले असावेत. पुढे असलेल्या भूभागाचा प्रतिध्वनी किंचित उंच कंप्रतेचा, मागे पडलेल्या भूभागाचा किंचित खालच्या कंप्रतेचा येतो. स्थानकाजवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीत जाणवणारा हाच तो फरक. त्यावरून कोणता प्रतिध्वनी कोठून आला हे वेगळे काढता येते. १९७८ मध्ये ‘सीसॅट’ उपग्रहाने पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून हे तंत्र यशस्वी करून दाखवले होते. तो उपग्रह विद्युत बिघाडामुळे साडेतीन महिन्यांतच निकामी झाला, तरी त्याने दिलेला धडा मोलाचा ठरला.

मात्र ‘सीसॅट’ची कक्षा वर्तुळाकार होती. ‘मॅगेलन’ची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने यान विषुववृत्ताजवळ ग्रहापासून सुमारे ३०० किलोमीटरवर, तर ध्रुवाकडे दोन हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर असे. उंची क्षणोक्षणी बदलत असल्याने स्पंद किती वेगाने सोडायचे, प्रतिध्वनीची वाट किती वेळ पाहायची, अँटेना किती तिरकी धरायची, हे सर्वही क्षणोक्षणी बदलावे लागे. इंधनात केलेली बचत रडारच्या गुंतागुंतीने वसूल केली. हे सर्व बदल आधीच गणित करून तक्त्याच्या रूपाने पृथ्वीवरून यानाकडे पाठवावे लागत, आणि कक्षेच्या ताज्या मोजमापांनुसार ते तक्ते वरचेवर नव्याने करावे लागत.

बिटांचा जमाखर्च

यानाची एक प्रदक्षिणा ३ तास १५ मिनिटांची, म्हणजे १९५ मिनिटांची होती. यान ग्रहाच्या जवळ असण्याचा काळ, म्हणजे रडार चालवण्याचा काळ, साधारण ३७ मिनिटे. या अवधीत रडार दर सेकंदाला ८०६ हजार बिट या गतीने माहिती टेप रेकॉर्डरवर नोंदवत असे. ३७ मिनिटांत ही जमा झाली सुमारे १७९ कोटी बिट.

आता खर्चाची बाजू. पृथ्वीकडे माहिती पाठवण्याची गती सेकंदाला २६८.८ हजार बिट, म्हणजे नोंदणीच्या गतीच्या एक-तृतीयांश. प्रत्येक प्रदक्षिणेत यान सुमारे ५७ मिनिटांच्या दोन सत्रांत, एकूण ११४ मिनिटे पृथ्वीकडे अँटेना वळवून ही माहिती पाठवत असे. तेवढ्या वेळात सुमारे १८४ कोटी बिट जातात. जमा १७९, खर्चाची क्षमता १८४. उरलेल्या सुमारे ४४ मिनिटांत यानाने शुक्राकडून पृथ्वीकडे व पृथ्वीकडून शुक्राकडे वळायचे आणि मध्ये ताऱ्यांचा वेध घेऊन आपली दिशा तपासायची. प्रत्येक प्रदक्षिणेच्या शेवटी रोजमेळ जुळलाच पाहिजे. कारण पुढची प्रदक्षिणा लगेच सुरू होते आणि मागची बाकी ठेवण्यास टेपवर जागा नसते.

हा मेळ आपोआप जुळलेला नव्हता. रडारचा प्रत्येक नमुना पूर्ण तपशिलाने, म्हणजे आठ बिटांत नोंदवला असता, तर माहिती चौपट झाली असती आणि संपूर्ण बेत कोसळला असता. जेपीएलमधील रोनाल्ड क्वॉक आणि विल्यम जॉन्सन यांच्या नावे असलेल्या पद्धतीने ही अडचण सोडवली. नमुन्यांचे लहान लहान गट करायचे, त्या गटाची सर्वसाधारण पातळी एकदा नोंदवायची आणि मग प्रत्येक नमुन्यासाठी फक्त दोन बिट लिहायचे : तो धन की ऋण, आणि पातळीपेक्षा मोठा की लहान. मोठ्या दुकानात प्रत्येक नाण्याची नोंद न करता गल्ल्यातील एकूण रक्कम व तिच्यावरखालचे फरक लिहावेत, तसाच हा प्रकार. काही बारीक तपशील त्यात गमावला जातो, परंतु प्रतिमेचे मोल राहते. पुढे हे तंत्र इतर अनेक रडार-उपग्रहांनी स्वीकारले.

त्याच ३७ मिनिटांत रडारला आणखी दोन कामे होती. चित्रणाच्या स्पंदांच्या मधल्या क्षणिक फटींत एका स्वतंत्र लहान अँटेनाने सरळ खाली पाहून उंची मोजायची आणि पृष्ठभागातून स्वाभाविकपणे निघणाऱ्या रेडिओलहरींचीही नोंद घ्यायची. एकाच यंत्राकडून तीन उपकरणांचे काम घेण्याची ही व्यवस्था होती.

व्यवस्थापकाची वही

अशा उपकरणाचा व्यवस्थापक म्हणजे केवळ वेळापत्रक पाहणारा मनुष्य नसतो. त्याच्यापुढे एकाच वेळी अनेक खाती उघडी असतात : वजनाचे, विजेचे, माहितीच्या गतीचे, तापमानाचे, दिवसांचे आणि पैशाचे. प्रत्येक खात्यात आरंभी थोडी शिल्लक राखीव ठेवलेली असते. काम पुढे सरकते तसतसे प्रत्येक उपविभाग त्यातून मागणी करतो. एका विभागाला दोन किलो अधिक हवे असतात, दुसऱ्याला दहा वॉट, तिसऱ्याला तीन आठवडे. प्रत्येक मागणी आपापल्या जागी रास्त असते. सगळ्या मान्य केल्या, तर चाचण्यांच्या वेळी राखीव काहीच उरत नाही, आणि खरे दोष तर चाचण्यांतच उघड होतात. म्हणून शिल्लक लवकर न वाटणे आणि अडचण आली असता ती अडवूनही न धरणे, या दोन गोष्टींचा तोल हाच त्याच्या कौशल्याचा कस.

दुसरी अडचण संस्थांमधील सीमारेषेची. रडार एका कंपनीचे, यान दुसऱ्या कंपनीचे, विज्ञानाच्या अपेक्षा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या आणि जबाबदारी जेपीएलची. शास्त्रज्ञांच्या रडार-गटाचे नेतृत्व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे गॉर्डन पेटेनगिल यांच्याकडे, तर प्रकल्प-शास्त्रज्ञाची धुरा जेपीएलचे स्टीफन सॉन्डर्स यांच्याकडे होती. रडारला किती वीज मिळेल, तारेच्या कोणत्या टोकातून कोणता संकेत जाईल, यान किती अचूकपणे स्थिर राहील, हे सर्व लेखी करारांनी ठरवावे लागते. तोंडी समजुतीवर सोडलेली बाब जोडणीच्या दिवशी वाद होऊन उभी राहते, हा अनुभव भागीदारीच्या धंद्यात ज्यांनी घेतला आहे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी अडचण चाचणीची. रडारचे खरे लक्ष्य शेकडो किलोमीटर दूर, अतितप्त ग्रहावर. कारखान्यात तसा ग्रह आणायचा कोठून? मग संकेताला ठरावीक विलंब लावून परत पाठवणाऱ्या यंत्रणांद्वारे खोटा प्रतिध्वनी तयार करायचा, उपकरण निर्वात कक्षात ठेवून तापवायचे व गारठवायचे, प्रक्षेपणाच्या वेळचे हादरे द्यायचे. एकदा यान निघाले, की पाना घेऊन तेथे जाण्याची सोय नाही.

काटकसरीने सुरू झालेल्या या मोहिमेचाही खर्च वाढला, हे येथे नमूद केलेच पाहिजे. रडारचे काम अपेक्षेपेक्षा अवघड निघाले आणि प्रक्षेपणही लांबले. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९८८ मध्ये मोहिमेचा खर्च, वेळापत्रक व कामगिरी यांचा स्वतंत्र आढावा घेतला. इतर यानांचे सुटे भाग आयते मिळाले, परंतु रडारचा आयता नमुना कोणत्याही भांडारात नव्हता. जेथे नवे काही घडवायचे असते, तेथे पहिला अंदाज क्वचितच खरा ठरतो. लंबवर्तुळाकार कक्षा, एकच अँटेना आणि अपुरी संदेशगती या तीनही मर्यादांचा भार अखेर याच एका नव्या उपकरणावर पडला होता.

विलंब, आग आणि मौन

जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाचा स्फोट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अमेरिकेची शटल-उड्डाणे थांबली. ‘मॅगेलन’ला शुक्राकडे ढकलण्यासाठी नियोजित असलेला शक्तिशाली ‘सेंटॉर’ टप्पा सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाला आणि कमी ताकदीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी आखणी बदलावी लागली. १९८८ ची प्रक्षेपणवेळ हुकली. १९८९ च्या ऑक्टोबरमधील सोयीची वेळ गुरूकडे जाणाऱ्या ‘गॅलिलिओ’ला द्यावी लागली. परिणामी ‘मॅगेलन’ला त्याआधी, सूर्याभोवती दीड फेरा मारणाऱ्या लांबच्या वाटेने पाठवण्याचे ठरले. चार-पाच महिन्यांचा प्रवास पंधरा महिन्यांचा झाला.

यान फ्लोरिडातील प्रक्षेपण केंद्रावर आल्यानंतर, ऑक्टोबर १९८८ मध्ये, चाचणीच्या वेळी बॅटरीची जोडणी चुकल्याने ठिणगी उडून लहानशी आग लागली. सुदैवाने हानी मर्यादित राहिली. अखेर ४ मे १९८९ रोजी ‘अटलांटिस’ शटलमधून ‘मॅगेलन’ अवकाशात गेले. शटलमधून सोडलेले हे पहिलेच ग्रहीय यान, आणि अकरा वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेने पाठवलेले पहिले ग्रहीय यानही तेच.

१० ऑगस्ट १९९० रोजी यान शुक्राच्या कक्षेत स्थिरावले. १६ ऑगस्टला रडारची चाचणी झाली. पहिल्या प्रतिमा स्पष्ट आल्या. सात वर्षांच्या श्रमांचे चीज झाले असे वाटत असतानाच त्याच दिवशी यानाचा संपर्क तुटला. चौदा-पंधरा तासांनंतर क्षीण संकेत मिळाला. २१ ऑगस्टला पुन्हा तसेच, या वेळी सतरा तासांहून अधिक काळ. उपकरण उत्तम आणि यान मात्र भरकटलेले, अशी ती अवस्था होती. त्या वेळचे प्रकल्प व्यवस्थापक टोनी स्पिअर यांच्यापुढे दोन मार्ग होते. मूळ कारण सापडेपर्यंत काम थांबवायचे, किंवा संपर्क तुटला तरी यान स्वतःहून सावरेल अशा सूचना त्याच्या संगणकात भरून काम सुरू करायचे. दुसरा मार्ग स्वीकारण्यात आला आणि १५ सप्टेंबर १९९० पासून नियमित चित्रण सुरू झाले. संगणकाच्या आज्ञावलीतील वेळेच्या मेळाचा सूक्ष्म दोष हे मूळ कारण काही महिन्यांनी सापडले व दुरुस्त झाले. हेच स्पिअर पुढे १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या, अल्पखर्चासाठी गाजलेल्या ‘मार्स पाथफाइंडर’चे व्यवस्थापक होते.

जे हाती आले

प्रत्येक प्रदक्षिणेत पृष्ठभागाची साधारण २५ किलोमीटर रुंद आणि सुमारे १६ हजार किलोमीटर लांब अशी एक पट्टी मिळे. अभियंते तिला गमतीने ‘नूडल’ म्हणत. शुक्र स्वतःभोवती २४३ दिवसांत एकदा फिरतो. तेवढ्या काळात अशा सुमारे अठराशे पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या गेल्या. मे १९९१ मध्ये पहिले आवर्तन संपले, तेव्हा ८४ टक्के ग्रहाचा नकाशा तयार होता. तिसऱ्या आवर्तनाअखेर तो ९८ टक्क्यांवर गेला. जानेवारी १९९२ मध्ये एक प्रेषक निकामी झाल्यावर संदेशाची गती निम्म्याहून कमी करावी लागली, तरी काम चालू राहिले.

शंभर ते दोनशे मीटर आकाराचे तपशील दाखवणाऱ्या या नकाशात लाव्ह्याची अफाट मैदाने दिसली, पॅनकेकसारखे गोल चपटे घुमट दिसले आणि सुमारे ६,८०० किलोमीटर लांबीचे, नाईल नदीहूनही लांब असे लाव्ह्याचे पात्र दिसले. उल्कापाताची विवरे मात्र हजाराच्या आतच, आणि ती संपूर्ण ग्रहावर विखुरलेली. त्यावरून शुक्राचा आजचा पृष्ठभाग भूगर्भशास्त्राच्या मानाने तरुण, काही शे दशलक्ष वर्षांचा असल्याचे अनुमान निघाले.

शुक्रावरील ठिकाणांना प्रामुख्याने स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यामुळे या नकाशातील विवरांत महाराष्ट्राच्याही कन्या विराजमान आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावे सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे ‘जोशी’ विवर आहे, पंडिता रमाबाई मेधावी यांच्या नावे ‘मेधावी’ विवर आहे, आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाचे प्रमुखपद भूषवलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावे ‘झिराड’ विवर आहे.

मूळ योजनेतील वर्तुळाकार कक्षेचे स्वप्नही अंशतः पुरे झाले. नियोजित काम संपल्यावर, मे ते ऑगस्ट १९९३ या सत्तर दिवसांत यान शुक्राच्या विरळ वातावरणात पुनःपुन्हा किंचित बुडवून त्याचा वेग कमी करण्यात आला. जवळजवळ इंधन न वापरता ३ तास १५ मिनिटांची प्रदक्षिणा ९४ मिनिटांवर आली. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा नकाशा अधिक अचूक झाला, आणि हे तंत्र पुढे मंगळाच्या मोहिमांत उपयोगी पडले. ऑक्टोबर १९९४ मध्ये यान शुक्राच्या वातावरणात विलीन झाले.

जपलेल्या नोंदींचे मोल

यान नष्ट झाले, तरी त्याच्या नोंदी नीट जपून ठेवल्या गेल्या. अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक आणि जेपीएलचे स्कॉट हेन्सली यांनी फेब्रुवारी १९९१ व ऑक्टोबर १९९१ मधील एकाच भूभागाच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या, त्यामुळे तुलना अत्यंत किचकट. ‘मात मॉन्स’ या ज्वालामुखीजवळचे एक मुख आठ महिन्यांत सुमारे २.२ चौरस किलोमीटरवरून ४ चौरस किलोमीटरपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. शुक्रावर आजही ज्वालामुखी जागे असल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस वर्षांपूर्वीची वही उघडली आणि तीत एक न वाचलेली नोंद सापडली.

भारताच्या दृष्टीनेही हा इतिहास दूरचा नाही. इस्रोच्या अहमदाबाद येथील स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवलेले दुहेरी कंप्रतेचे रडार २०१९ पासून ‘चंद्रयान-२’वर चंद्राभोवती काम करत आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘निसार’ उपग्रहावर एक रडार जेपीएलचे, तर दुसरे इस्रोचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी १,२३६ कोटी रुपयांच्या भारतीय शुक्र-मोहिमेस मान्यता दिली असून मार्च २०२८ मध्ये प्रक्षेपणाचे लक्ष्य आहे. शुक्राच्या ढगांआड पाहणारे भारतीय रडार त्या यानाच्या प्रमुख उपकरणांपैकी एक असेल. त्या रडारच्या व्यवस्थापकांपुढेही वजन, वीज, बिट, दिवस आणि पैसा यांची तीच खाती उघडी असणार.

‘मॅगेलन’च्या निर्मात्यांना मनाजोगते यान मिळाले नाही, मनाजोगती कक्षा मिळाली नाही, स्वतंत्र अँटेनाही मिळाली नाही. काय सोडायचे हे त्यांनी आरंभीच ठरवले. जे सोडायचे नाही ते अडचणीच्या काळातही सोडले नाही. आणि जे हाती आले त्याची नोंद पुढच्या पिढीला वाचता येईल अशी ठेवली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. बेताच्या अंथरुणावर निजूनही ढगांपलीकडचा ग्रह पाहता येतो, एवढी भर या मोहिमेने त्या म्हणीत घातली आहे.